हलक्या वाऱ्याचं शीड

सोमवार, ४ एप्रिल

"ताई, या वेळी माझं शीड मी बांधीन."

बस्स. एवढंच. तेही तलावावरच्या क्लबाच्या शेडमध्ये, चारचौघांत, तो शिट्टीवाला समोर उभा असताना! मी डोलकाठीचे दोन तुकडे जोडून, वाळू पुसून, एका गुडघ्यावर बसलेली. हातात शिडाचं टोक. आणि ही आपली केसांना रबर लावता लावता सांगतेय. जसं काही "या वेळी माझा चहा मी करीन."

दहा-अकरा वर्षं धाकट्या जावेचं शीड मी बांधतेय. तलावावर कोणालाही विचारा. पाण्यावर ती, काठावर मी.

काय बोलणार? "बांध की," म्हटलं. टोक तिच्या हातात दिलं आणि बाजूला पडलेल्या दोरीची गुंडाळी करत बसले. ती आधीच गुंडाळलेली होती. उलगडली आणि परत गुंडाळली.

शिट्टीवाला म्हणाला, "वा! ताईंना सुट्टी मिळाली म्हणायची."

सुट्टी! तोंड बघा याचं. शिकवणारा म्हणे. गळ्यातली शिट्टी काढून घेतली तर याला तलावावर कुत्रं ओळखणार नाही.

सतरा तारखेला मंद वाऱ्याची शर्यत. वर्षातली ही एकच शर्यत आमची — आमची म्हणजे तिची आणि माझी. आणि ऐन तोंडावर हे!


मंगळवार, ५ एप्रिल

बोलले नाही. तीही बोलली नाही. जिन्यात समोरासमोर आलो तेव्हा दोघीही भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. "तुम्ही जा आधी." "नाही, तू जा." जशा काही दवाखान्यात भेटलेल्या परक्या बायका.


गुरुवार, ७ एप्रिल

पिशवीत एक शिवलेलं शीड होतं, ते परत द्यायला शेडवर गेले. खोटं कशाला लिहू — बघायलाच गेले.

मी मूळची गाद्या-पडद्यांची बाई. खोळी शिवायच्या, पडदे शिवायचे. एकदा क्लबातलं कोणीतरी फाटकं शीड घेऊन आलं. काचेसारखं कडक, आरपार दिसणारं कापड. साध्या सुईला दाद देईना. दिलं शिवून. मग दुसरं आलं, तिसरं आलं. शिवता शिवता कळलं की हा नुसता पडदा नाही, याला पोट आहे. तुकडेच असे गोलाईने जोडलेले असतात की ताणलं की फुगतं. ते फुगतं कसं, हे बघायला तलावावर गेले आणि तिथलीच झाले. थोडे दिवस पाण्यावरच्या त्या शीड लावलेल्या फळीवरही उभी राहिले. मग गुडघा गेला.

तेव्हा धाकटीला पाण्यात ढकललं. भावजी जाऊन वर्ष झालं होतं. लेक लग्न होऊन लांब. ही वरच्या मजल्यावर एकटी, दिवसदिवस खिडकीत. "चल," म्हटलं, "पडलीस तर भिजशील. आणखी काय होणार आहे?" ती फळीवर उभी राहिली आणि मी काठावरून बांधत राहिले. मला कोणी शिकवलं नाही. बघून बघून, हात सोलून सोलून शिकले.

सगळा खेळ दोन दोऱ्यांचा. खालची दोरी शिडाला डोलकाठीच्या बुडाशी ओढते, तिने काठी धनुष्यासारखी वाकते. मागची दोरी शिडाचं मागचं टोक बूमच्या शेवटाला ताणते — बूम म्हणजे दोन्ही हातांनी धरायची ती लांबट कमान. दोऱ्या ढिल्या सोडल्या तर शिडाचं पोट मोठं. ओढल्या तर सपाट. जोराचा वारा असला तर सपाट करायचं, नाहीतर तो उचलून आपटतो. आणि हलका वारा असला तर? साधी गोष्ट आहे! वारा कमी तर झोळी मोठी. भीक कमी पडते तेव्हा कोणी झोळी लहान करतं का? या एका हिशेबावर धाकटीने कप आणलेत.

आणि आज तिने काय केलं? खालची दोरी अशी ओढली, अशी ओढली की शिडाचं वरचं अंग जुन्या बनियनच्या गळ्यासारखं लोंबायला लागलं. पोट? कुठलं पोट! इस्त्री केलेली चादर! बाहेर वारा एवढा की झाडाचं पान जेमतेम मान हलवतंय, आणि ही वादळाला निघाल्यासारखी बांधून बसलेली.

राहवलं नाही. "शीड डाएटवर आहे का गं?"

हसली. "असू दे ताई. बघू या."

बघू या! "बघू या" म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. तुमचं झालं, आता गप्प बसा.

मागे शिट्टीवाला मान डोलावत उभा. याचेच उद्योग. यानेच हिचे कान फुंकलेत.


शुक्रवार, ८ एप्रिल

यांना सांगितलं. पेपरमागून आवाज आला — "शीड तिचं. फळी तिची. पडणार ती. तुझं काय भिजतंय?"

"माझी बांधणी आहे ती!"

"मग ती काय घरात टांगून ठेवणार आहेस?"

असलं बोलायला या माणसाला जन्मभर कधी कष्ट पडले नाहीत.

वर दिवसभर धाडधाड. धाकटी माळा आवरतेय. हे दोनदा वर जाऊन तिचं स्टूल धरून आले. मी पंख्याची पाती पुसते तेव्हा हे स्टूल धरतात का? तेव्हा म्हणतात, "जपून."


रविवार, १० एप्रिल

नाव दिलं! मी! माझं!

शिट्टीवाला फळ्यावर नावं लिहीत होता. "हं, पुढचं कोणाचं?"

"माझं."

खडू तसाच राहिला. "ताई... गुडघा?"

"गुडघा घरी ठेवून येते."

शेडमधले सगळे हसले. हसू देत. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खरंच ताई? मजा येईल!" मजा म्हणे. मी इथे आतून जळतेय आणि हिला मजा सुचतेय.

मागच्या कोपऱ्यातलं एक जुनं शीड काढलं. तीन ठिगळांचं, तिन्ही माझ्या हातची. फळी रुंद घेतली, म्हाताऱ्या माणसाला जरा टेकू. आणि बांधलं माझ्या पद्धतीने. खालची दोरी बेताची. मागची तर नुसती नावाला. पोट असं झालं की आत तान्हं बाळ निजवावं!

आता सतरा तारखेला दाखवते.


सोमवार, ११ एप्रिल

अंगातला एकेक सांधा वेगळा बोलतोय, आणि एकही चांगलं बोलत नाही. पाण्यावर गेले म्हणण्यापेक्षा पाण्यात गेले. उभी राहिले तेव्हाही फळी पुढे जाईना. खाली शेवाळं अडकलं असणार.


मंगळवार, १२ एप्रिल

शेवाळं नव्हतं. फळी उलटी करून बघितली. स्वच्छ.

वजन असेल माझं. नाहीतर ठिगळं. नाहीतर वाराच पडका.

पण मग धाकटी कशी जात होती? तोच वारा, तेच पाणी. दोनदा माझ्या बाजूने गेली, आवाज न करता, सायकल उतारावरून जावी तशी. पहिल्यांदा म्हणाली, "जमतंय ताई!" दुसऱ्यांदा माझ्याकडे बघितलंच नाही. मुद्दाम बघितलं नाही. ते लांबूनही कळतं.


बुधवार, १३ एप्रिल

लिहावं की नाही? लिहिते. कोण वाचणार आहे!

सकाळी वारा अगदीच मेलेला. फळीवर उभी होते, शीड हातात जड. बाजारात हट्ट धरून बसलेल्या पोरासारखं — पुढे यायचं नाही, बाजूला मात्र ओढायचं. ओढत ओढत मला पलीकडच्या काठाला नेलं, लव्हाळ्यांच्या मागे. तिथून शेड दिसत नाही. हात गळून गेले होते. उतरले. कमरेएवढं पाणी.

काठावर एक म्हातारा बादली पालथी घालून बसला होता, हातात गळ. मला बघून म्हणाला, "आज तुम्ही? त्या दुसऱ्या बाई कुठायत?"

"कोण दुसऱ्या?"

"त्या हो, बारीकशा. गेल्या काही दिवसांत दिसल्या नाहीत. तुमचं शीडही त्यांच्यासारखंच आहे, असंच पोट सुटलेलं."

मी शिडाकडे बघितलं. तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"इथेच उतरतात त्या. आत्ता तुम्ही उभ्या आहात ना, तिथेच. शीड पाण्यावर आडवं करतात आणि खालची ती दोरी ओढतात. दातओठ खाऊन! मग मागची, जराशीच. आणि मग अशा जातात —" त्याने हाताने पाण्यावरून सरळ रेघ मारली. "बघत बसावं. आणि परत जायच्या आधी पुन्हा इथे. पुन्हा सगळं ढिलं."

"ढिलं कशाला?"

"तेच मी विचारलं एकदा. म्हटलं बाई, एवढं मरमर ओढता, मग सोडता कशाला? तर म्हणाल्या, 'काठावर बांधणारं माणूस बसलंय. त्यांना दिसेल.'"

गळ हलला, तो तिकडे वळला. बरं झालं. माझं तोंड कसं झालं होतं ते मला ठाऊक नाही.

"किती दिवस चाललंय हे?" विचारलं.

"दिवस? अहो, मी रिटायर होऊन इथे बसायला लागलो तेव्हापासून बघतोय." आणि मग, मासा काढता काढता, "तुम्हीही ओढून बघा की. काय जातंय?"

ओढली. का ओढली कोण जाणे. तो खोटा ठरावा म्हणूनच ओढली असेन. खालची दोरी बोटं कापेपर्यंत ओढली, वरचं अंग लोंबेपर्यंत. मागची जराशी. चादर झाली. हिच्या शिडाची परवा मी टिंगल केली तीच चादर, तशीच! चढले फळीवर, शीड उचललं —

आणि गेलं! मेलं गेलं! हातातलं ओझं उतरलं. बाजूची ओढ संपली. फळीखाली पाणी बारीक आवाजात बोलायला लागलं. एवढ्याशा वाऱ्यात!

आनंद व्हायला हवा होता. कोणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं.

आता बसून विचार केला तर इतकं सोपं आहे ते. हलक्या वाऱ्यात तेवढा जीव नसतो. मोठ्या पोटात शिरला की त्याला वळताच येत नाही, आतच बसकण मारतो. त्याला साठवायचा नसतो, जाऊ द्यायचा असतो. वरचं अंग ढिलं असलं की तो तिथून निसटतो, आणि निसटता निसटता ढकलतो. झोळी म्हणे! जन्मभर कापड हाताळलं आणि एवढं कळू नये?

परत येताना लव्हाळ्यांमागे थांबले. क्षणभर वाटलं, ढिलं करून न्यावं. नाही केलं. तशीच सपाट शिडाने काठाला लागले. धाकटी शेडच्या दारात उभी होती. तिने शिडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग आत निघून गेली.


गुरुवार, १४ एप्रिल

तिचे कप माझ्या कपाटात आहेत. तिनेच आणून ठेवले — "खालीच असू देत ताई, बांधणी तुमची." गेल्या वर्षी शिट्टीवाल्याने भोंग्यावरून तेच ओरडून सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभी राहिले होते! हात जोडले होते!

आणि ही बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती. सगळ्यांपेक्षा जोरात.

चुकले, ते एक वेळ पचवीन. पण पोरांनी काढलेलं वेडंवाकडं चित्र आपण भिंतीला लावतो ना, "वा, छान" म्हणत — तसं माझं काम हिने इतकी वर्षं भिंतीला लावून ठेवलं.


शुक्रवार, १५ एप्रिल

संध्याकाळी खाली आली. हातात माळ्यावरची पातेली, एकात एक घातलेली. "ताई, ही तुम्हाला होतील. मला एवढी मोठी लागत नाहीत."

मी सरळच विचारलं. "का नाही सांगितलंस?"

काय ते विचारलं नाही तिने. पातेली खाली ठेवली. "सांगितलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी. म्हटलं, ताई, जरा ओढून बघू या का? तुम्ही म्हणालात, 'काल पाण्यात उतरलेली आज मला शिकवते!' आणि मग आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं. तेव्हा दिवसभरात तुमच्याशिवाय माझ्याशी बोलणारं कोण होतं, ताई? म्हटलं, शिडाचं काय एवढं. पलीकडे जाऊन ओढता येतं."

असं शांतपणे बोलते ना, की समोरच्याला भांडताही येऊ नये. पण मी भांडले. "मग आताच काय झालं? आता बोलायला माणसं मिळाली वाटतं? तो शिट्टीवाला?"

"तो?" ती हसली. नको तिथे हसायची खोडच आहे तिला. "ताई, त्याला स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही."

"मग?"

हसू गेलं. पदराशी चाळा करत म्हणाली, "मला बांधता यायला हवं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकटीला."

"का? मी मेलेय का?"

"असं काय बोलता हो!"

डोळे भरले तिचे. मी बघितले. बघूनही थांबले नाही. "ती पातेली ने वर. मला नकोत तुझी भांडी."

नेली नाहीत. तशीच दारात ठेवून गेली. हे येता-जाता त्यांना पाय लावतायत आणि माझ्याकडे बघतायत. एक शब्द काढत नाहीत. बरं करतायत.


शनिवार, १६ एप्रिल

नाव काढून घेतलं. माझ्यासारखं बांधलं तर फळी हलत नाही. तिच्यासारखं बांधलं तर मग मी कोण?

शिट्टीवाला म्हणाला, "गुडघा ना ताई? मी म्हटलंच होतं."

"हो," म्हटलं. "गुडघाच."


रविवार, १७ एप्रिल

जाणार नव्हते. गेले.

वारा हवा तसा. पाण्यावर नुसत्या सुरकुत्या. सगळे बांधून तयार, फळ्या काठाला लावलेल्या. धाकटी एकटीच अजून वाळूत गुडघ्यावर. मी शेडच्या खांबाला टेकून उभी राहिले. दहा-बारा पावलांवर.

खालची दोरी नुसती बांधायची नसते. काठीच्या बुडाशी बारक्या कप्प्या असतात, त्यांतून फेऱ्याफेऱ्याने ओवून घ्यावी लागते. हे ओवायचं काम आजवर मीच केलं. पलीकडे लव्हाळ्यांमागे तिच्या हाती यायचं ते मी ओवून दिलेल्या दोरीचं टोक. आठवडाभर तिने सरावात ओवली, चांगली ओवली. पण आज घाई, आज सगळे बघतायत — दुसरा फेरा पहिल्यावरून गेला. दोरी स्वतःच्याच अंगावर चढून बसली. आता हत्ती लावला तरी ओढली जाणार नाही.

तिला कळेना. ओढतेय, ओढतेय. तोंड लाल झालं. हात झटकले, पुन्हा ओढली.

मला उभ्या जागेवरून दिसत होतं. दोन शब्द पुरले असते. "फेरा चढलाय." एवढंच.

तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

मी आभाळाकडे बघितलं. ढग कुठून येतायत ते बघितलं. ढग नव्हते.

शिट्टीवाला धावला. "आणा इकडे, मी देतो ओढून."

"नको," ती म्हणाली. "मलाच जमायला हवं. तुम्ही शिट्टी वाजवा."

हे ऐकून माझं डोकं आणखी फिरलं. बघा, ताठा बघा! मदतही नको! मग ओढ म्हटलं, बस ओढत.

शिट्टी झाली. सगळे गेले. काठावर ती एकटी. मग तिने ओढायचं सोडलं. दोरी सगळी काढली, पहिल्यापासून, आणि मांडी घालून बसली. ओठ हलत होते. खालून, वरून, खालून. मी ओवताना अशीच पुटपुटते. लोक हसतात मला. ओवली, ओढली — आणि सरसर आली दोरी. मग मागची. मग एक डोळा मिटून, मान वाकडी करून, वाळूत गाल टेकेपर्यंत खाली वाकून तिने शिडाचं पोट बघितलं. ते कोणाचं बघणं आहे ते मला सांगायला नको.

मग गेली.

सगळे अर्ध्या वाटेवर होते. त्यांची शिडं भरलेली, फुगलेली, जागच्या जागी डुलणारी. आणि त्यांच्यामधून ही सपाट शिडाची बाई एकेकाला मागे टाकत. शेवटच्या वळणाला तर मीच खांब सोडून पुढे आले होते. कधी आले कळलं नाही. कळलं तेव्हा परत खांबाशी गेले.

चौथी आली. इतक्या वर्षांत चौथी कधी आली नव्हती.

आणि हसत काय होती! भिजलेली, धापा टाकत, फळी वाळूत टाकून सरळ माझ्याकडे आली. "बघितलंत ना ताई? एकटीने बांधलं! सगळं एकटीने!"

"चौथी आलीस," म्हटलं.

"हो! चौथी!" पहिली आल्यासारखी म्हणाली. माझा हात धरायला आली. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि निघाले.

घरी येऊन यांना वाढलं. मी जेवले नाही. यांनी विचारलं, "काय झालं शर्यतीचं?" म्हटलं, "तुम्ही स्टूल धरा लोकांची."

यांनी ताट बाजूला सारलं. काहीतरी बोलणार होते. मग हात धुवायला उठले.


मंगळवार, १९ एप्रिल

धाकटी चाललीय. लेकीकडे, कायमची. उद्या सामानाची गाडी येणार. यांना महिन्यापासून ठाऊक होतं. तिनेच शपथ घातली होती — "शर्यत होऊ दे, मग मी सांगेन. ताईंना आधी कळलं तर त्या मला बांधूही देणार नाहीत, नुसत्या रडतील."

लेकीच्या गावाला पाणी आहे म्हणे. वाराही असाच, हलका. "फक्त बांधून द्यायला तिथे कोण, ताई?" एवढं म्हणून वर गेली.

बराच वेळ जिन्याच्या तळाशी उभी राहिले. मग वर तोंड करून ओरडले, "चौथी आलीस ते चांगलं आलीस गं!"

वर कपाट सरकवत होते. ऐकू गेलं नसावं.